कॅटेगरीचा ठराव

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एका सुरात विचारत होतात की आजीच्या गावच्या त्या व्हिडिओत शेवटी तीन मुली नुसत्याच का उभ्या आहेत. तुमच्या आईने तो कुठून तरी शोधून तुम्हाला दाखवला होता. रोबोट पळतो, ठोकळे उचलतो, टाळ्या वाजतात आणि मग त्या तिघी हात मागे बांधून कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहतात. उभ्याच राहतात. धाकट्याने विचारलं, "आजी, व्हिडिओ अडकलाय का?" नाही रे, अडकलेला नाही. नीट बघ, मागे भिंतीवरचा पंखा फिरतो आहे.

तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणून विषय टाळला. तुमची पोहायला जायची वेळ झाली होती आणि माझा आवाज चढायला लागला होता. ही हकीकत फोनवर सांगायला गेले की माझी वाक्यं अर्धवट सुटतात. शिवाय थोरलीने आता तिकडच्या शाळेत रोबोटिक्सच्या क्लबात नाव घातलं आहे. तिला हे कळायला हवं. म्हणून आत्ताच लिहिते, राग ताजा आहे तोवर. राग निवला की माणूस गोष्ट गोड करून सांगतो, आणि ही गोष्ट गोड नाही.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तरी हे मराठीत लिहिते आहे. यातली माणसं जे बोलली ते इंग्रजीत बोलून होत नाही. अडेल तिथे आईला विचारा. कोणाचंही नाव लिहिणार नाही. मुली लहान आहेत आणि गाव त्यांच्याहून लहान आहे.

दारव्ह्याकडून बोरी अरबला जाताना आत वळलं की आपली शाळा लागते, ते तुम्हाला आठवत असेल. मागच्या वर्षी त्या शाळेला रोबोटचा एक संच मिळाला. चाकं, मोटारी, तारा, बारीक सेन्सर, असं एक खोकं. मुलांनी पहिल्या आठवड्यात चाकं फिरवून पाहिली आणि क्रिकेटला निघून गेली. तीन मुली मात्र खोक्याला चिकटून राहिल्या. त्यातली एक नववीतली, गावापलीकडच्या तांड्यावरची. तिच्या घरी आईला याडी म्हणतात. दुसऱ्या दोघी आठवीतल्या, गावातल्याच. तांड्यावरची ती संघाची कॅप्टन झाली, म्हणून इथे तिला कॅप्टनच म्हणते.

स्पर्धा अशी होती. पहिली फेरी प्रत्येक शाळेने आपल्याच शाळेत घ्यायची आणि ती इंटरनेटवर लाइव्ह दाखवायची. परीक्षक आपापल्या घरी बसून पाहणार. अर्धे गुण रोबोटच्या कामाला, अर्धे परीक्षकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना. निवड झाली तर राज्याची फेरी पुण्याला. वयाची अट नववीपर्यंत. म्हणजे आठवीतल्या दोघींना आणखी एक वर्ष होतं, कॅप्टनला नव्हतं. ती यवतमाळच्या पुढे कधी गेलेली नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही तार सोलता सोलता, मान वर न करता.

प्रश्न इंग्रजीत येणार असल्यामुळे हेडमास्तरांनी मला बोलावलं. मी दारव्ह्याला इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं ते त्यांना ठाऊक होतं. दर शनिवारी मुली घरी येऊ लागल्या. मी परीक्षक व्हायचं आणि त्यांनी उत्तरं द्यायची. पहिल्या शनिवारी तिघी एकमेकींना कोपरखळ्या मारून हसत होत्या. पुढे पुढे माझ्याच इंग्रजीत चुका काढायला लागल्या.

रोबोटचं काम रंगीत ठोकळे उचलून ज्या त्या रंगाच्या डब्यात टाकायचं. त्याच्या पोटाखाली रंग ओळखणारा सेन्सर होता. पण खिडकीतून ऊन आलं की पिवळा ठोकळा त्याला पांढरा दिसायचा आणि तो भलत्याच डब्याकडे निघायचा. कॅप्टनने लग्नपत्रिकेचा जाड कागद घेतला, आतून काळा रंगवला आणि सेन्सरभोवती टोपीसारखा बसवला. ऊन अडलं, रंग नीट दिसायला लागला. एवढीशी गोष्ट, पण ती तिला कोणी सांगितलेली नव्हती.

"आजी, टोपीचं इचारतीनच ना ते?"

"विचारतील की. समोर दिसतेच ती."

"अन् नाई इचारलं तं?"

"तर तू आपण होऊन सांग."

"तसं नाई चालत जी. न इचारता सांगतलं तं म्हनतीन, पोरगी शायनिंग मारून राह्यली."

नियमही तसाच होता. विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरालाच गुण. म्हणून आम्ही टोपीवर येऊ शकणारे सगळे प्रश्न काढले आणि तिने सगळ्यांची उत्तरं बसवली.

आता लाइव्हचं. हेडमास्तरांनी शाळेच्या नावाने चॅनल काढलं, पण नव्या चॅनलला थोडे तरी लोक जोडले गेल्याशिवाय मोबाइलवरून लाइव्ह करता येत नव्हतं. शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं, घरच्यांना चॅनलला जोडायला सांगा. पालक हो म्हणाले आणि कापसाच्या वेचणीला गेले. शेवटी गावातल्या शूटिंगवाल्या भाऊला गाठलं. तो लग्नांची, वाढदिवसांची शूटिंग करतो आणि हिवाळ्यात शंकरपट लाइव्ह दाखवतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. तुमच्या बाबांनी लहानपणी तिथे चप्पल हरवली होती, ती गोष्ट त्यांना विचारा. भाऊचं पटाचं चॅनल ढाणकीपासून केळापूरपर्यंत लोक पाहतात. त्याने एका शब्दात होकार दिला आणि तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण लाइव्ह सुरू करायच्या आधी साइटवर एक यादी येते. तुमचा कार्यक्रम कोणत्या कॅटेगरीतला आहे ते निवडा. ते भाऊने केलं असतं तर निमिषात झालं असतं. पण आमच्या हेडमास्तरांची रीत अशी की समिती बसल्याशिवाय शाळेचा नळसुद्धा बदलायचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागली. मी विशेष निमंत्रित. म्हणजे खुर्ची मिळते, चहा मिळतो, मत मिळत नाही.

भाऊने लॅपटॉप उघडला. "बोला सर, कॅटेगरी कोनती टाकू? आपली नेहमीची स्पोर्ट्स आहे. पटाले तेच टाकतो."

समितीचे अध्यक्ष शेतकरी गृहस्थ आहेत, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. ते उसळलेच. "बैलाइच्या लायनीत पोरी उभ्या करतं का बे?"

"गर्दी तिथंच असते," भाऊ म्हणाला. "शिक्षणात टाकलं तं कुत्रं नाई पाहात."

"नाई पाह्यलं तं नाई पाह्यलं."

मी म्हटलं, "यादीत विज्ञान आणि तंत्रज्ञान असं आहे. रोबोट यंत्र आहे. त्याची जागा तीच."

हेडमास्तर फार अदबीने बोलतात. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण विज्ञान टाकलं की ते विज्ञान प्रदर्शनात धरतील. त्याची परवानगी वेगळी, अहवाल वेगळा. आपण परवानगी घेतलेली नाही."

"सर, ही सरकारची यादी नाही. व्हिडिओच्या साइटची आहे."

"यादी कोणाची का असेना मॅडम, वाचणारा आपल्याच ऑफिसातला आहे."

क्रीडा टाकलं तर, हेडमास्तरांच्या मते, क्रीडा विभाग मैदान कुठे आहे म्हणून विचारेल. मनोरंजनाचं नाव निघताच अध्यक्ष म्हणाले, "मनोरंजन नाई. लेकी नाचून नाई राह्यल्या." गेमिंगला तर त्यांनी हातच जोडले. "गेमिंगचं नाव नका काढू सर. आत्ता माह्या पोट्ट्याच्या हातचा मोबाइल हिसकून आलो मी."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. दुसरी बैठक झाली. तीत 'शिक्षण' ठरलं, कारण शाळा शिक्षण विभागाची. मी विज्ञानाचा आग्रह सोडला. माझ्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यात कोणी मोहरी ओतली तर मला झोप येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी म्हटलं, शिक्षण तर शिक्षण. चुकीचं म्हणता येणार नाही.

मग भाऊ म्हणाला, "सर, खाली अजून एक इचारून राह्यलं. हे मुलांसाठी आहे का? हो का नाई?"

सगळे हसले. इतका सोपा प्रश्न त्या दोन बैठकांत पहिल्यांदाच आला होता. अध्यक्ष म्हणाले, "लेकराइची शाळा, लेकराइची स्पर्धा. लेकराइसाठी नाई तं का म्हाताऱ्याइसाठी?"

मी म्हटलं, "हा प्रश्न पाहणाऱ्यांबद्दल आहे, भाग घेणाऱ्यांबद्दल नाही. पाहणार परीक्षक आहेत. ते मोठे आहेत."

"पन आमची लेकरंबी पाह्यतीनच ना मॅडम?"

हेडमास्तरांनी विचारलं, "हो केलं तर काय होतं?"

"काही नाई," भाऊ म्हणाला. "खाली कोनाले काही लिहिता येत नाई. चॅट, कमेंट, सब बंद."

अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "मंग तं झालंच! तेच पायजे आपल्याले."

याला कारण होतं, ते सांगायला हवं, नाहीतर ही माणसं तुम्हाला मूर्ख वाटतील आणि ती तशी नाहीत. आदल्या वर्षी स्नेहसंमेलनात मुलींनी केलेल्या एका नाचाचा व्हिडिओ कोणीतरी टाकला होता. त्याच्याखाली कुठल्या कुठल्या लोकांनी घाण लिहिली. पालक शाळेत आले, चौकशी झाली, हेडमास्तरांना चारचौघांत नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं. एका मुलीची शाळाच सुटली असती, अध्यक्ष तिच्या घरी जाऊन बसले म्हणून टिकली. आता पटाच्या प्रेक्षकांसमोर मुली उभ्या करणं भाग होतं, पण खाली कोणाला काही लिहू द्यायचं नव्हतं. मलाही ते पटलं. परीक्षक प्रश्न विचारणार ते नेमके कुठून, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. नियमात एवढंच होतं की परीक्षक थेट प्रश्न विचारतील. हेडमास्तरांनी धरलं, फोन येईल. आम्हीही तेच धरलं.

आणि ठराव झाला. प्रक्षेपण 'शिक्षण' या वर्गात व 'मुलांसाठी' असे करावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सह्या झाल्या. ज्यांची स्पर्धा होती त्या तिघींना दोन्ही बैठकांना बोलावलं नव्हतं. त्या बाहेर व्हरांड्यात ठोकळ्यांना रंग देत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचा हॉल धुऊन काढला होता. मुलींचे गणवेश कडक इस्त्रीचे. पालकांना फ्रेममध्ये यायला बंदी, म्हणून कॅप्टनची याडी बाहेर खिडकीशी उभी. हेडमास्तरांनी आपला फोन टेबलावर स्टीलच्या डब्यात उभा ठेवला, परीक्षकांचा आवाज मोठा ऐकू यावा म्हणून. स्पर्धा सुरू असताना मोठ्यांनी संघाशी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी भिंतीशी खुर्चीत गप्प.

रोबोट फार सुरेख चालला. तुम्ही पाहिलंच आहे. मध्येच खिडकीतून ऊन थेट चटईवर आलं. पिवळा ठोकळा त्या उन्हातच होता. रोबोट त्याच्यापाशी थांबला, उचलला, वळला आणि पिवळ्या डब्यात टाकला. बाहेर याडीने खिडकीच्या गजावर हात आपटला. सगळे ठोकळे ज्या त्या डब्यात गेले. टाळ्या झाल्या. मग तिघी ओळीत उभ्या राहिल्या, हात मागे, आणि प्रश्नांची वाट पाहू लागल्या.

तुम्ही विचारलेला भाग इथून सुरू होतो.

फोन वाजेना. हेडमास्तरांनी तो डब्यातून काढून पाहिला, रेंज होती, पुन्हा ठेवला. बऱ्याच वेळाने वाजला. कॅप्टन आणखी ताठ झाली. पण हेडमास्तरांनी कानाला लावला, तर फोन स्पर्धेच्या ऑफिसातल्या मुलीचा होता. "सर, तुमचं चॅट बंद आहे. परीक्षक प्रश्न टाइप करायला बसलेत, पण करता येत नाहीत. तुमची वेळ संपेपर्यंत उघडलं तरी चालेल."

भाऊच्या लगेच लक्षात आलं. तो कुजबुजला, "थे लेकराइसाठी हो केलं ना, त्यानंच बंद पडलं. आत्ता बदलतो." त्याचं बोट लॅपटॉपवर गेलंही.

"थांब," हेडमास्तर म्हणाले. "ठराव आहे."

मला आधी वाटलं ते स्वतःशी काही आठवून बोलताहेत. मी उठून जवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "सर, ठराव नंतर बदलता येईल. वेळ जाते आहे."

"मॅडम, सर्वानुमते आहे. मी एकटा कसा बदलू? आत्ता चॅट उघडलं आणि पटातल्या कोणी पोरींबद्दल काही लिहिलं, तर चौकशीला तुम्ही याल का?"

"येईन."

"तुम्ही समितीत नाही."

मी भाऊकडे वळले. चॅनल त्याचं, लॅपटॉप त्याचा. तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, म्या करून टाकलं असतं. पन सरपंचाच्या पोरीची हळद न इचारता लाइव्ह केलती. तवापासून अजून शिव्या खाऊन राह्यलो. सर म्हनतीन तं करतो."

मग मी फोन मागून घेतला आणि त्या ऑफिसातल्या मुलीला म्हटलं, "बाळ, फोनवरच विचारा ना प्रश्न. मी स्पीकर लावते." ती फार नम्रपणे म्हणाली, "सॉरी मॅडम, प्रश्न सगळ्यांना दिसतील असेच विचारायचे असतात. सगळ्या संघांना एकच नियम." तिचंही चुकत नव्हतं. त्या दिवशी कोणाचंच चुकत नव्हतं, हाच तर संताप आहे. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या जागी बरोबर, आणि मधे तीन मुली उभ्या.

अध्यक्षांनी हो म्हटलं तर चालेल, असं हेडमास्तरांनी काढलं. अध्यक्ष दारव्ह्याला जिनिंगवर कापूस घेऊन गेले होते. घंटी वाजत राहिली, उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला तेव्हा मागे यंत्रांचा गडगडाट.

"सर, आवाज नाई येऊन राह्यला! गाडी खाली करून राह्यलो, नंबर लागला माहा! मंग करतो!"

आणि ठेवला. मी म्हटलं, "सर, पाया पडते तुमच्या." माझ्या तोंडून हे कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, "मॅडम, असं नका म्हणू," आणि परत नंबर फिरवला.

इकडे मुली उभ्याच. त्यांना कोणी काही सांगू शकत नव्हतं, कॅमेरा सुरू होता. व्हिडिओत नीट पाहिलंत तर कॅप्टनचे ओठ हलताना दिसतील. ती पहिलं वाक्य म्हणून पाहत होती. मी शिकवलेलं, 'थँक यू फॉर द क्वेश्चन.'

शेवटी अध्यक्षांचाच फोन आला. सगळं ऐकून ते ओरडले ते हॉलभर ऐकू गेलं. "अवो सर, एवढ्यासाठी थांबले का? करा ना! मले कायले इचारता?"

भाऊने बटण दाबलं. चॅट उघडलं. आमची वेळ संपली होती आणि परीक्षक पुढच्या शाळेकडे गेले होते. त्या उघडलेल्या चौकटीत पहिली ओळ आली ती कुठल्या तरी पटाच्या शौकिनाची: 'भाऊ, जोडी कोनती पळून राह्यली?'

"बंद कर, बंद कर," हेडमास्तर म्हणाले, आणि ठरावाप्रमाणे ते पुन्हा बंद झालं.

निकाल लागला. रोबोटच्या कामात आमचे गुण वरच्या शाळांच्या बरोबरीचे. उत्तरांच्या रकान्यात शून्य. निवड नाही.

मी ऑफिसला इंग्रजीत मेल लिहिला. तुमच्या आजोबांना तो वाचून दाखवला, ते म्हणाले, वकिलाने लिहिल्यासारखा झालाय. उत्तर आलं, चॅनलची सेटिंग ही शाळेची जबाबदारी. मी पुन्हा लिहिलं, निवड राहू द्या, निदान परीक्षकांनी काय विचारायचं ठरवलं होतं तेवढे प्रश्न पाठवा. त्याला उत्तर आलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मुली येणार नाहीत असं मला वाटत होतं. आल्या. मी कॅप्टनला झालेलं सगळं सांगितलं, कारण तोपर्यंत तिला ते कोणी धड सांगितलंच नव्हतं. शाळेत एवढंच सांगितलं होतं की तांत्रिक अडचण आली.

"म्हंजे त्याइले इचारायचं होतं?"

"हो. टाइप करायला बसले होते."

"मले वाटलं, आपला रोबोट पाहून त्याइले काही इचारावं असं वाटलंच नाई." मग म्हणाली, "मंग ठीक आहे." आणि वही उघडता उघडता, "नाई आजी. ठीक नाई."

मी तिला उगी राहा, पुढे खूप संधी येतील, असलं काही म्हटलं नाही. ठीक नव्हतंच. इतके दिवस ती पोर मनाशी धरून बसली होती की आपण केलेल्या गोष्टीत कोणाला विचारण्यासारखं काही दिसलं नाही. पुण्याला जायचं राहिलं याहून मला ते जास्त लागलं, अजूनही लागतं. तिथे बसून मी तिला टोपीबद्दलचे सगळे प्रश्न विचारले, एकेक करून, परीक्षकाच्या आवाजात. तिने उत्तरं दिली. पण आम्हा दोघींनाही माहीत होतं की मी काही परीक्षक नाही.

पुढे हेडमास्तर एकदा घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, मुलांसाठीचं तुमचं बरोबर होतं." मी चहा ठेवला. त्यांची समजूत घालायची माझी इच्छा नव्हती आणि त्यांना टाकून बोलायचीही नव्हती. त्यांनी यायचं खरं कारण मग काढलं. गावातली टवाळ पोरं पारावर हात मागे बांधून नुसती उभी राहतात आणि एकमेकांना विचारतात, काहून रे, काहून उभा? तेव्हा तो व्हिडिओ काढून टाकावा, समितीपुढे तसा विषय ठेवणार आहे.

त्या बैठकीला मी मुलींना घेऊन गेले. निमंत्रण नव्हतं. कॅप्टनची याडी आपणहून आली, शेतातून तशीच, डोक्याला फडकं. अध्यक्षांनी तिला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हननं? पोरीले हसून राह्यले लोक."

"हसू द्या," ती म्हणाली. "रोबोट चालला थे बी त्याच्यातच हाय ना? मंग कायले काढता?"

कॅप्टन म्हणाली, "नका काढू सर. अर्धा तं चांगला आहे."

त्यावर ठराव झाला नाही. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या, आणि विषय मिटला. एका तोंडी शब्दावर गोष्ट मिटवणं त्या समितीला तेव्हा जमलं, आणि घरी येताना माझा संताप उलट वाढला.

आता काय उरलं आहे तेवढं सांगते. कॅप्टन दहावीत गेली, तिला त्या स्पर्धेत पुन्हा उतरता येणार नाही. ती अट बदललेली नाही. आठवीतल्या दोघी नववीत आहेत आणि सातवीतली एक नवी मुलगी त्यांच्या संघात आली आहे. कॅप्टन त्यांना तारा जोडायला शिकवते. शनिवारी दुपारी चौघी आपल्या पडवीत येतात. इंग्रजीचा तास सुरू आहे.